अंधारातले दोन डोळे आणि शंभर मार्कांचा राक्षस

"काका, तुम्हीच सांगा, टारास्क पेटीत मावेल का?"

उसळीत शेव कालवता कालवता पुतणीने विचारलं. टारास्क म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं आणि पेटी कुठली तेही नव्हतं. समोर उभा असलेला भाचा लगेच म्हणाला, "मामा, तो अजून लहान आहे. पिल्लू मावतंच की." मग दोघांची इतकी जुंपली की गाडीवाल्याने आणखी पाव विचारलेलंही त्यांना कळलं नाही.

मी बडोद्याला दांडिया बाजारात बी.कॉम.च्या मुलांच्या स्टॅटिस्टिक्सच्या ट्यूशन घेतो. संभाव्यतेचा धडा आला की पोरांचे डोळे मिटायला लागतात. आणि इथे माझ्याच घरातली दोन मुलं न दिसलेल्या एका राक्षसावरून तोच धडा उभ्याउभ्या घोकत होती, फक्त त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. म्हणून घरी येऊन सगळी गोष्ट समजावून घेतली. ती आधी सांगतो, गणित मागून येईल.

'द ऑर्डर ऑफ द स्टिक' हे रिच बर्ल्यू या अमेरिकन माणसाचं वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने येणारी चित्रकथा. २००३ साली सुरू झालं. चित्रं म्हणजे काडीची माणसं, गोल डोकं आणि रेघांचे हातपाय. आपण वहीच्या शेवटच्या पानावर काढायचो ना, तशी. पोरखेळ वाटेल, पण प्रती संपलेली पुस्तकं पुन्हा छापायला बर्ल्यूने २०१२ मध्ये वाचकांकडे ५७,७५० डॉलर मागितले आणि वाचकांनी साडेबारा लाखांच्या वर दिले.

कथा घडते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या जगात. हा खेळ १९७४ पासूनचा. टेबलाभोवती बसून खेळतात, पण त्यात बोलणं आणि फासे यांनाच महत्त्व. यातल्या राक्षसांची जाडजूड नियमपुस्तकं असतात. आकार किती, ताकद किती, कोणती जादू येते, किती मार सोसतो, सगळं आकड्यांत. त्यामुळे या कथेतला राक्षस ओळखणं हे पक्षी-निरीक्षणासारखं आहे. झुडपातून आवाज आला, शेपटी दिसली, आता पुस्तक उघडा आणि शोधा.

तर झायकॉन नावाचा एक मेलेला, पण न संपलेला जादूगार आहे. खलनायक तोच. त्याच्या पदरी सर्कशीतून आणलेला एक प्राणी आहे आणि त्याला कायम अंधारात ठेवलेलं असतं, कधी छत्रीखाली तर कधी पेटीत. योग्य क्षणी त्याला उजेडात आणायचं आणि शत्रूची बोबडी वळवायची, असा झायकॉनचा बेत. कॉमिकला वीस वर्षं उलटून गेली, तरी वाचकांच्या वाट्याला दोन डोळेच आलेले. चाहते त्याला 'अंधारातला राक्षस' म्हणतात.

गंमत म्हणजे हा राक्षस स्वभावाने बालवाडीतलं पोर आहे. खाऊ मिळाला की खूश, खेळायला कुणी मिळालं की त्याहून खूश.

आमच्या घरातलं सगळ्यात मोठं माणूस, माझी आत्या, हे ऐकून म्हणाली, "मग हा तर बागुलबुवाच." मी हसलो, पण तिचं बरोबर होतं. बागुलबुवाला शिंगं आहेत की शेपूट, हे आपल्याला कधी कुणी सांगितलं? सांगितलं असतं तर आपण जेवलोच नसतो.

आता खुणा. भाच्याने घडाघडा सांगितल्या आणि मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'आपण समजलो'.

एकदा या राक्षसाने पाय आपटला आणि भूकंप झाल्यासारखी जमीन हादरली. हे डावीकडे. पुढे मीको नावाच्या योद्धीशी त्याची गाठ पडते आणि 'कोण सगळ्यात हळू मारतो' असा खेळ निघतो. याचा हळू फटका बसतो आणि मीको भिंत फोडून लांब उडून जाते. हेही डावीकडे. "म्हणजे त्याची ताकद देवासारखी आहे," भाचा म्हणाला. हे उजवीकडे.

तिसरी खूण सगळ्यात गाजलेली. ओ-चूल नावाचा कैदी या राक्षसाचा मित्र झालेला असतो. झायकॉनशी झालेल्या मारामारीत ओ-चूल आणि वारसूवियस हा जादूगार, दोघंही मरायच्या बेतात येतात. ते निसटावेत असं राक्षसाला मनापासून वाटतं आणि ते दोघं तिथून नाहीसे होऊन दूर आपल्या माणसांजवळ जाऊन पडतात.

"म्हणजे त्याला दुसऱ्याला गायब करून हलवता येतं," पुतणी म्हणाली.

"हे कुठल्या रकान्यात?"

ती थांबली. पोरगी लॉ करते, त्यामुळे लगेच कळलं तिला. दोघं नाहीसे झाले, हे दिसलं. पण राक्षसाला हलवण्याची जादू येते, की मागितलेली इच्छा पुरी होण्याची शक्ती त्याच्यात आहे, की आणखीच काही, हा आपला अर्थ. नियमपुस्तकात या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या राक्षसांकडे सापडतील. इथे रकाना चुकला की पुढचा सगळा शोध चुकीच्या गल्लीत जातो. मी पाहिलेल्या निम्म्या वादांचं मूळ हेच असतं: दोघं खुणेवर भांडताहेत असं वाटतं, प्रत्यक्षात दोघांनी एकाच खुणेचे दोन अर्थ आधीच गिळून टाकलेले असतात.

खूण मोजायची कशी, हे समजावायला मला नदीच्या काठाला जावं लागलं.

बडोद्याच्या माणसाला मगर सांगायला नको. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी आहेत. काळ्या घोड्याजवळच्या पुलावर लोक स्कूटर लावून खाली वाकून बघत असतात, पाहुणे आले की आपणही त्यांना तिथे नेतो. पण नदी अंगणात आली की प्रकरण वेगळं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात वस्तीत मगरी शिरल्या, तेव्हा नदीपासून जवळच राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या सोसायटीत वीज नव्हती. रात्री भाच्याने जिन्यावरून टॉर्च मारला, तर पार्किंगच्या पाण्याच्या कडेला दोन डोळे चमकले.

मगर, की पायरीवर दबून बसलेली मांजर?

भाचा ओरडला, "मगर! डोळे चमकताहेत!" मगरीच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, त्यावरून प्रकाश परत फिरतो, म्हणून ते चमकतात. रात्री मगरींची मोजदाद करतात तीही अशीच, टॉर्च मारून डोळे मोजत. पण तसाच थर मांजरीला असतो आणि कुत्र्यालाही. म्हणजे चमक ही खूण मगरीला अगदी चपखल बसते, आणि तरीही मगर की मांजर या प्रश्नापुरती तिची किंमत शून्य आहे. कारण ती मांजरीलाही तेवढीच चपखल बसते.

सगळ्या लेखातलं मला सांगायचं ते हेच. खूण आपल्या अंदाजाला किती बसते यावर तिचं वजन ठरत नाही. दुसऱ्याच्या अंदाजाला ती किती कमी बसते, त्यावर ठरतं.

आता दुसरी खूण घ्या. डोळे जमिनीला अगदी टेकलेले आणि न हलणारे. मगरीचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, बाकीचं अंग पाण्यात. ती असायची तर अशीच दिसेल. मांजरही कधीकधी अशी दबून बसते, पण समजा आठात एकदा. ही खूण कामाची.

थोडं गणित करू, घाबरू नका, भागाकारापलीकडे जाणार नाही. समजा एरवीच्या दिवसांत अशा शंभर रात्री डोळे दिसले, तर ९६ वेळा मांजर निघते आणि ४ वेळा मगर. त्या ९६ मांजरींपैकी आठात एक, म्हणजे १२, दबून बसलेल्या असतील. चारही मगरी तशाच असतील. म्हणजे जमिनीलगतचे स्थिर डोळे एकूण १६ वेळा दिसतील आणि त्यात मगर ४ वेळा. पावपट शक्यता. खूण जोरदार, तरी पैज मांजरीवरच लावावी.

आता पुराची रात्र. समजा त्या दिवसांत शंभरात ८० मांजरी आणि २० मगरी. ८० मधल्या १० दबून बसलेल्या, मगरी सगळ्या २०. तीसमध्ये वीस. डोळे तेच, टॉर्च तोच, पण उत्तर एक चतुर्थांशावरून दोन तृतीयांशावर गेलं. कारण खूण दिसण्याआधी आपण कुठे उभे होतो ते बदललं.

हे आकडे माझ्या मनचे आहेत, पण रीत मनची नाही. थॉमस बेज नावाचा एक इंग्रज पाद्री होता, १७६१ मध्ये वारला. त्याच्या कागदांत सापडलेला लेख मित्र रिचर्ड प्राइसने १७६३ मध्ये छापून आणला. आधीचा अंदाज, त्यावर खुणेचं वजन, मग नवा अंदाज. पुढची खूण आली की हा नवा अंदाज 'आधीचा' होतो आणि पुन्हा तेच. एवढंच. पुस्तकात ते चिन्हांत लिहितात म्हणून पोरं झोपतात.

(पार्किंगमध्ये काय होतं ते विचाराल. सकाळी पाणी थोडं उतरलं तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. बहीण आजही मगरच सांगते आणि तिचे यजमान मांजर.)

तर टारास्क. भाच्याच्या मते अंधारातला राक्षस म्हणजे हाच. हे नाव दक्षिण फ्रान्समधल्या तारास्कोन गावाच्या दंतकथेतून आलंय. त्या खेळाच्या नियमपुस्तकात तो ७० फूट लांब आणि ५० फूट उंच. मारला तरी मेलेला राहत नाही, त्यासाठी इच्छापूर्तीची जादू लागते. भाच्याचं म्हणणं, एवढी ताकद आणखी कुणाची असणार? जमीन हादरते, योद्धी भिंत फोडून जाते, सगळं जुळतं.

जुळतं, कबूल. पण त्याच पुस्तकात अवाढव्य ताकदीचे राक्षस पानोपानी आहेत, आणि जमीन हादरवणं त्यांतल्या पुष्कळांना बसतं. म्हणजे ही बरीचशी 'डोळे चमकतात' या जातीची खूण. उलट पेटी आणि छत्री ही खूण बघा. ७० फुटांचं जनावर छत्रीखाली मावत नाही. आणि टारास्कला कुणाला नाहीसं करून दूर पाठवता येत नाही. या दोन खुणा टारास्कला अजिबात बसत नाहीत, म्हणून त्या वजनदार.

भाचा असा ऐकणारा नाही. "तो पिल्लू आहे." बरं. "त्याला स्वतःची शक्ती माहीत नाही." बरं. "आणि कुणीतरी त्याच्यावर जादू करून ठेवलीय, त्यातून ते दोघं गायब झाले."

इथे मी वही पुढे ओढली. पिल्लू असण्याची शक्यता समजा दोनात एक. त्या खेळात पिल्लू असूनही इतकं बळ असण्याची तीनात एक. आणि वर ती जादूही असण्याची चारात एक. दोन गुणिले तीन गुणिले चार. टारास्कच्या वाट्याला जे काही होतं त्याचा चोविसावा भाग उरला. प्रत्येक ठिगळ लावताना भाच्याला वाटत होतं आपली बाजू भक्कम होतेय, आणि होत होतं नेमकं उलटं.

ही चूक त्याच्या एकट्याची नाही. १९८३ मध्ये टव्हर्स्की आणि कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी लिंडा नावाच्या एका काल्पनिक बाईचं वर्णन लोकांपुढे ठेवलं: हुशार, स्पष्टवक्ती, अन्यायाची चीड असलेली. मग विचारलं, ती बँकेत कॅशियर असण्याची शक्यता जास्त, की कॅशियर आणि शिवाय स्त्रीवादी चळवळीतली असण्याची? बहुतेकांनी दुसरं निवडलं. पण चळवळीतल्या कॅशियर या कॅशियरांमधल्याच काही जणी! त्या सगळ्या कॅशियरांपेक्षा जास्त कशा असतील? तपशील वाढला की गोष्ट रंगते आणि रंगलेली गोष्ट खरी वाटते. गप्पा मारताना हे चालतं, पैज लावताना नाही.

पुतणीने शेवटचा घाव घातला. म्हणाली, पुस्तकात सरळ लिहिलंय की टारास्क एकच आहे. एकच असेल तर पिल्लू कुठून आलं? भाच्याने तेव्हा आणखी एक पाव मागितला.

इथवर सगळं मगरीसारखं चाललं. पण एका जागी मगर आणि हा राक्षस यांची वाट फुटते, आणि माझ्या मते या वादातला खरा अवघड भाग हाच.

मगर तुमच्यासाठी खुणा सोडत नाही. ती तिच्या कामाने आलेली असते. कॉमिकमधली प्रत्येक खूण मात्र कुणीतरी मुद्दाम ठेवलेली आहे. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट या वादात हमखास कुणीतरी सांगतं, पण ती इथे लागू पडत नाही. त्या गोष्टीत आंधळ्याचा हात जिथे पडेल तिथे पडतो. इथे लेखक हात धरून नेतो, 'आज शेपटी चाचपा' म्हणतो आणि सोंडेपाशी जाऊ देत नाही.

म्हणून दुसरा एक तराजू लागतो. प्राण्याबद्दल विचारून झालं की माणसाबद्दल विचारायचं: उत्तर अमुक असतं, तर या लेखकाने ही खूण इथे ठेवली असती का? त्याला दोन उलट गोष्टी सांभाळायच्या असतात. वाचक चकित व्हायला हवा आणि नंतर त्याने कपाळावर हात मारून 'अरे, हे तर समोरच होतं' म्हणायलाही हवं. रोनल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्रीने (हो, परत पाद्रीच) १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते. गुन्हेगाराची ओळख कथेत लवकर झालेली असावी, हातात आलेला पुरावा वाचकापासून लपवू नये, अशा धर्तीचे. कायदा नव्हे, पण वाचक आणि लेखकामधला हा न लिहिलेला करार बहुतेक जण पाळतात. आमचा राक्षस या कसोटीला उतरतो: तो आहे आपल्या डोळ्यांसमोरच, फक्त दिसत नाही.

हा तराजू लावला की काही उमेदवार गळतात. कुणालाच माहीत नसलेला, कुठल्याशा मासिकाच्या कोपऱ्यातला राक्षस खुणांना शंभर टक्के बसत असेल, पण पडदा उघडल्यावर वाचक 'कोण हा?' म्हणतील. वीस वर्षांच्या प्रतीक्षेचं असं मातेरं लेखक का करील? उलट फारच प्रसिद्ध राक्षस असेल तर तो सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला असता. मधली कुठलीतरी जागा धरावी लागते.

आणि मग पुतणीचा आवडता मुद्दा, मालकीचा. २००० साली त्या खेळाच्या कंपनीने नियमांचा मोठा भाग एका खुल्या परवान्याखाली इतरांना वापरायला दिला, पण काही राक्षस स्वतःकडे राखून ठेवले. बिहोल्डर, माइंड फ्लेअर हे त्यातले. लेखक परक्याच्या मालकीचा राक्षस कथेचा हुकमाचा पत्ता म्हणून ठेवील का, असं तिचं विचारणं. माझ्या वहीत हे प्राण्याच्या रकान्यात कुठेच बसेना, पण वजन होतंच. बिहोल्डरच्या बाबतीत तर तसंही भांडायला नको: त्याला मधोमध एक मोठा डोळा आणि वर दांड्यांवर दहा लहान. आपल्याला दिसतात दोन.

"बाकीचे मिटले असतील," भाचा पुटपुटला. आम्ही लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या तराजूत मात्र एक धोका आहे, तो सांगतो. लेखकाच्या मनात शिरण्याची चटक लागली की माणूस कशालाही खूण म्हणायला लागतो. राक्षसाने अमुक भागात चहा घेतला, म्हणजे तो चहाच्या देशातला. लेखकाने आजारपणात सुट्टी घेतली, म्हणजे त्याला उत्तर बदलायचंय. माझ्या मते पहिला तराजू पूर्ण वापरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. पुतणीला हे पटत नाही. ती म्हणते कोर्टात आधी साक्षीदार कोण ते बघतात, मग साक्ष.

शेवटी मी ट्यूशनमधली युक्ती काढली. प्रत्येकाने चिठ्ठीवर १०० मार्क वाटायचे. जो राक्षस वाटतो त्याला तेवढे. दोन अटी. एक, 'दुसरंच काहीतरी' असं एक नाव यादीत हवंच, कारण सगळ्यांच्या याद्यांबाहेरचं उत्तर निघण्याची शक्यता नेहमीच बरीच असते आणि तिला मार्क द्यायला सगळे विसरतात. दोन, कुणालाही शून्य नाही आणि कुणालाही पूर्ण शंभर नाही. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. ज्याला शून्य दिलं तो उद्या प्रत्यक्ष येऊन दारात उभा राहिला तरी तुमच्या गणितात तो आलेलाच नसतो.

भाच्याने उसळीच्या गाडीवर असताना टारास्कला ७० दिले असते, असं तोच म्हणतो. चिठ्ठीवर ८ निघाले आणि 'दुसरंच काहीतरी'ला ५५. पुतणीने टारास्कला १ दिला, तोही माझ्या अटीमुळे, असं कंसात लिहून. तिने सर्वांत जास्त मार्क ज्याला दिले त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिने शपथ घातलीय. मी स्वतः 'दुसरंच काहीतरी'वर ६० टाकून सुरक्षित बसलो. मास्तरांची जुनी खोड.

चिठ्ठ्या घडी करून फराळाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. राक्षस उजेडात आला की डबा उघडायचा, आणि ज्याने खऱ्या उत्तराला सर्वांत कमी मार्क दिले असतील त्याने सगळ्यांना शेव-उसळ द्यायची. झाकण लावणार इतक्यात आत्याने आतून हाक मारली, माझी पण घ्या. तिने आधीच लिहून ठेवली होती, कॅलेंडरच्या पानाच्या मागे, पेन्सिलीने. अटी तिला कुणी सांगितल्याच नव्हत्या.

बागुलबुवा – १००.